बी.ए.चा लघुप्रबंध: प्रश्न शोधण्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत

चार वर्षांच्या बी.ए.ला शेवटच्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेतला, की लघुप्रबंध लिहावा लागतो. मी समाजशास्त्रात लिहिला. विषय होता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शेजारच्या मोठ्या गावचा मंगळवारचा बाजार. आमच्या घरात याआधी कुणी असलं काही लिहिलं नव्हतं आणि कॉलेजातही आमचीच पहिली तुकडी, त्यामुळे विचारायला वरच्या वर्गातलं कुणी नव्हतं. पहिले तीन महिने मी जे चुकत गेले, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं माझ्या विषयातली आहेत. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल किंवा मराठी घेतलेल्यांनी ती आपापल्या विषयाला लावून पाहावीत.

सुरुवातीलाच हाताशी ठेवा

- तुमच्या विषयाचा विद्यापीठाने मान्य केलेला अभ्यासक्रम, त्यातलं संशोधन प्रकल्पाचं पान छापून
- विभागातले आधीचे दोन-तीन प्रकल्प. पदव्युत्तर वर्गाचे असले तरी चालतील
- कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांच्या सहीचं, क्षेत्रकार्यासाठीचं परिचयपत्र (चार-पाच प्रती)
- दोनशेपानी वही, पुठ्ठ्याची. सुट्या कागदांवर काही लिहू नका
- संदर्भ नोंदवायला झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर, ते जमत नसेल तर साधी एक्सेल फाइल
- युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर नीट दिसणाऱ्या, मराठी टायपिंगची सोय (याबद्दल पुढे सविस्तर)
- फाइलची प्रत ठेवायला गूगल ड्राइव्ह आणि एक पेनड्राइव्ह, दोन्ही

१. आधी नियम वाचा, मग विषयाचा विचार करा

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे चार वर्षांची पदवी किमान १६० क्रेडिटची. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि त्यात लघुप्रबंधाला १२ क्रेडिट आहेत. क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात, म्हणजे हे ३६० तासांचं काम झालं. शेवटच्या महिन्यात रात्री जागून ते होत नाही. आधी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

क्रेडिट दोन सत्रांत कसे विभागलेत, अंतर्गत गुण किती, शब्दमर्यादा किती, मराठीत लिहायला परवानगी आहे का, हे विद्यापीठागणिक बदलतं. मित्राच्या विद्यापीठाचा नियम आपल्याला लावू नका. ऑफिसात तोंडी विचारलेलंही धरू नका. छापील अभ्यासक्रमात काय आहे तेवढंच खरं.

२. विषय मिळाला म्हणजे प्रश्न मिळाला असं नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझा पहिला विषय होता ‘ग्रामीण महाराष्ट्रातील आठवडी बाजार: एक समाजशास्त्रीय अभ्यास’. मला तो भारदस्त वाटला होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागद परत देत एवढंच विचारलं, “यात तू कुठे जाणार, कुणाला भेटणार आणि काय विचारणार?” मला एकही उत्तर देता आलं नाही.

‘एक अभ्यास’ असा शेवट असलेल्या शीर्षकात बहुतेक वेळा प्रश्नच नसतो. प्रश्न कसा सापडतो ते सांगते. मी लागोपाठ दोन मंगळवार वही न उघडता बाजारात नुसती बसले, सकाळी सहापासून. उजाडायच्या आत तिथे रिकामी पोती अंथरलेली दिसली. पोत्यावर दगड, जवळ माणूस नाही. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांपासून हातपंपापर्यंतची सगळी मोक्याची जागा अशी धरलेली होती. आठच्या एस.टी.ने भाजीच्या पाट्या घेऊन उतरलेल्या बाया मात्र शेवटी, गटाराच्या कडेला बसल्या. कुणी भांडलं नाही, कुणी जागा विचारलीही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं कोण कुठे बसणार. मग हे ठरवलं कुणी?

तिथे माझा प्रश्न तयार झाला: ‘या बाजारात स्वतःच्या रानातला भाजीपाला आणणाऱ्या बायांना आणि मार्केट यार्डातून माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना बसायची जागा कशी मिळते?’

तुमचा प्रश्न या चार चाळण्यांतून काढून पाहा.

- त्याचं उत्तर शोधायला नेमकं कुठे जायचं, ते सांगता येतं का?
- ते ठिकाण तुमच्या घरापासून किंवा कॉलेजपासून एस.टी.च्या एका तिकिटात येतं का? दर आठवड्याला दोन गाड्या बदलून जाणं पहिल्या महिन्यात जमतं, तिसऱ्या महिन्यात सुटतं.
- उत्तर काय येणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे का? असेल तर तो प्रश्न सोडा.
- तुमच्या आजीला तो एका वाक्यात समजतो का? मी माझ्या आजीला विचारून पाहिलं. ती म्हणाली, “जागा? ती वडिलोपार्जित असतीया.” तिच्या या वाक्यातून माझं एक आख्खं प्रकरण निघालं.

सगळ्यांना एक भीती असते, की प्रश्न इतका लहान केला तर साठ-सत्तर पानं भरायची कशी. मलाही होती. प्रत्यक्षात उलटं घडतं. मोठ्या विषयात सगळं वरवरचं लिहून वीस पानांत दम निघतो. लहान प्रश्नात बारकावे संपत नाहीत.

३. मार्गदर्शकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका

‘सर, विषय सुचवा ना’ असं म्हणत गेलात, तर सर त्यांना आवडणारा विषय देतील आणि वर्षभर तुम्ही त्यांचं काम करत बसाल. तीन प्रश्न, प्रत्येकाखाली चार ओळी, असा एक कागद घेऊन जा.

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी मेल किंवा मेसेज करा: ‘मॅडम, आज ठरलं ते असं: …’ एवढंच. मार्गदर्शकांकडे पाच-सहा विद्यार्थी असतात आणि कुणाला काय सांगितलं हे त्यांच्याही लक्षात राहत नाही. माझ्या वर्गातल्या एकाला प्रश्नावलीत बदल करायला तोंडी सांगितलं गेलं आणि दोन महिन्यांनी ‘हा बदल कुणी सांगितला?’ असं विचारलं गेलं. त्याच्याकडे लेखी काहीच नव्हतं. पुन्हा पंचवीस घरं फिरावी लागली त्याला.

४. आधी कुणी काय लिहून ठेवलंय ते पाहा

याला पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणतात. बरेच जण दहा पुस्तकांची नावं आणि प्रत्येकाचा चार ओळींचा सारांश देतात. आढावा तो नव्हे. तुमच्या प्रश्नाबद्दल कोण काय म्हणतं, कुणाचं कुणाशी जमत नाही आणि तुमच्या गावच्या बाजाराबद्दल कोणती गोष्ट अजून कुणी पाहिलेली नाही, हे त्यात यायला हवं.

शोध कुठे घ्यायचा:

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतभरातले पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात, मराठीतले सुद्धा. मात्र त्यांतली प्रकरणांची मांडणी जशीच्या तशी उचलू नका. शेवटची संदर्भसूची वाचा, खरा खजिना तिथे असतो.

गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ, विसरू नका. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधला सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ चा आहे. त्यातल्या व्यापाराच्या प्रकरणात त्या काळच्या बाजारगावांची माहिती आहे. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटिअर विभागाने जुने खंड संकेतस्थळावर ठेवले आहेत. वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की ते इंग्रज सरकारने कारभारासाठी लिहून घेतलं होतं. कर कुठून मिळतो हे त्यात बारकाईने येतं, बाजारात बसणारी बाई क्वचितच येते.

२०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावोगावच्या सोयींची यादी आहे आणि गावात आठवडी बाजार भरतो का, याचाही रकाना आहे. पुण्याला जाणं जमत असेल तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय बघा. इतिहासाच्या मुलांनी भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेखागार (जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर). जाण्याआधी फोन करून वेळ आणि लागणारी कागदपत्रं विचारा. दोन्हीकडे कॉलेजचं पत्र जवळ असू द्या.

प्रत्येक नोंदीला पान क्रमांक लिहा. त्याच वेळी, पुस्तक समोर असताना. मार्चमध्ये एका अवतरणाचं पान शोधायला मी शंभर किलोमीटर जाऊन आले आहे.

५. वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजा

जमा करायची तारीख कॅलेंडरवर मांडा आणि मागे या. छपाई, सह्या, बाइंडिंग: दोन आठवडे. मार्गदर्शकांनी पूर्ण मसुदा वाचणं: तीन आठवडे, कमी नाही. दुरुस्त्या: दोन आठवडे. म्हणजे जमा करायच्या सात आठवडे आधी तुमचा पूर्ण मसुदा तयार हवा. क्षेत्रकार्य त्याच्याही आधी संपलेलं हवं.

आता तुमच्या प्रश्नाचे दिवस मोजा. चार महिन्यांत मंगळवार सतरा-अठराच येतात. त्यातून गणपती, सत्र परीक्षा आणि मुसळधार पावसाचे काढा. माझ्या हाती अकरा उरले होते. दिवाळीच्या आधीचा बाजार हा नेहमीचा बाजार नव्हे, तो वेगळाच असतो. त्या दिवशीची माहिती घेतलीत तर वेगळी नोंदवा, बाकीच्यांत मिसळू नका.

सरकारी कागद हवा असेल तर सगळ्यात आधी त्याच्या मागे लागा. बाजार आणि आठवडी बाजारावर फी घ्यायचा अधिकार ग्रामपंचायतीला कायद्याने आहे, आणि बऱ्याच गावांत ती वसूल करायचा ठेका लिलावाने देतात. मला आधीच्या पाच वर्षांच्या लिलावाच्या नोंदी हव्या होत्या. आधी परिचयपत्र दाखवून तोंडी मागा, बऱ्याचदा मिळतं. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. पहिल्या अर्जावर धड उत्तर आलं नाही तर अपिलात आणखी दिवस जातात, म्हणून हा अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच टाका.

६. माणसांशी बोलणं

प्रश्नावली घरी बसून केलीत, तर ती घरी बसून केल्यासारखीच होते. माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न नाव, दुसरा वय, तिसरा जात, चौथा मासिक उत्पन्न. पहिल्याच आजींनी मेथीच्या पेंड्यांवर पाणी मारता मारता माझ्याकडे न बघता म्हटलं, “लिहून नेऊन काय करणार पोरी? पावती वाढीवणार न्हवं?” त्यांना मी ठेकेदाराकडची वाटले. आणि महिन्याचं उत्पन्न त्यांनी कधी मोजलेलंच नव्हतं. त्यांचा हिशेब मंगळवार ते मंगळवार चालतो.

पुढच्या आठवड्यात कागद पिशवीत ठेवला. आजींकडून मेथी घेतली आणि विचारलं, “आजी, सकाळी किती पेंड्या आणल्या होत्या?” “साठ.” “आता किती उरल्यात?” त्यांनी मोजून सांगितलं. “पहिली पेंडी कितीला गेली? आत्ता कितीला देताय? पावती कितीची फाडली? एस.टी.ला किती गेले?” उत्पन्न हा शब्द एकदाही न काढता दिवसाचा पूर्ण हिशेब वहीत आला. उरलेल्या पेंड्यांचं काय करणार हे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “वरच्या अंगाला बसलो असतो तर उरल्या नसत्या.” मी जागेबद्दल विचारण्याआधीच जागेचं उत्तर मिळालं होतं.

तेव्हा प्रश्न असा विचारा, की समोरच्याला तो हाताने मोजून किंवा डोळ्यांनी पाहून सांगता येईल. ‘साधारण’, ‘सरासरी’, ‘मासिक’ हे शब्द तुमच्या तक्त्यासाठी आहेत, त्यांच्यासाठी नव्हेत. जात, उत्पन्न, घरातलं भांडण हे ओळख झाल्यावर, आणि खरोखर गरज असेल तरच. तुमच्या प्रश्नाला लागत नसेल ती माहिती घेऊच नका.

आणखी काही गोष्टी:

- तुम्ही कोण, कुठून आलात, हे कशासाठी, हे दोन वाक्यांत आधी सांगा. ‘सांगायचं नसेल तर नका सांगू’ हेही म्हणा आणि मनापासून म्हणा.
- रेकॉर्डिंग विचारून करा. चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग लिहून काढायला मला चार तास लागले, म्हणून मोजक्याच मुलाखती रेकॉर्ड करा.
- लघुप्रबंधात नावं बदला. लहान गावात नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘हातपंपाशेजारची एकमेव अंडी विकणारी विधवा’ असं लिहिलंत तर सगळा गाव ओळखतो.
- गिऱ्हाइकाच्या वेळेत मुलाखत घेऊ नका. दुपारी दोन ते साडेतीन बाजार सुस्तावतो, तेव्हा बसा.
- बाजाराचा नकाशा हाताने काढा, दर आठवड्याला नवा. माझ्या अकरा नकाशांनी जे दाखवलं ते चाळीस मुलाखतींनी दाखवलं नाही.
- त्याच रात्री वही साफ करा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

७. लिहायला बसणं

‘आधी सगळी माहिती गोळा करू, मग लिहू’ या विचाराने आमच्या वर्गातले निम्मे अडकले. दर मंगळवारी परत आल्यावर मी एक पान लिहायचे, प्रबंधाच्या भाषेत नाही, मैत्रिणीला सांगावं तसं. त्या पानांतूनच पुढे प्रकरणं उभी राहिली.

लिहायचा क्रम आणि छापायचा क्रम वेगळा ठेवा. आधी क्षेत्रकार्याचं प्रकरण, मग संशोधनपद्धती, मग आढावा, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणारा माणूस बाजाराची व्याख्या, बाजाराचं महत्त्व, प्राचीन काळातला बाजार असं करत महिना घालवतो.

गृहीतक, म्हणजे उत्तराचा आधी बांधलेला अंदाज, लिहायलाच हवं असेल तर ते चुकीचं निघू शकेल असं लिहा. माझं होतं: ‘जागा ठेकेदार ठरवतो’. ते टिकलं नाही. ठेकेदार नुसती पावती फाडतो. जागा घराण्याच्या वहिवाटीने आणि पहाटे पोतं टाकायला घरात मोकळा माणूस आहे की नाही, यावर ठरते. गृहीतक टिकलं नाही म्हणून गुण कापले जात नाहीत, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर डिसेंबरमधल्या बऱ्याच रात्री झोप लागली असती.

आकड्यांबाबत: चाळीस जणांच्या माहितीवर ‘६५ टक्के’ असं लिहू नका, ‘४० पैकी २६ जण’ लिहा. आणि चाळीस जणांवरून ‘महाराष्ट्रातील विक्रेते’ असं म्हणू नका. तुम्ही ज्या बाजारात बसलात त्याच्याबद्दलच बोला.

पारिभाषिक शब्द अडले तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश पाहा. एक शब्द निवडला की शेवटपर्यंत तोच ठेवा. पण विक्रेत्यांचे स्वतःचे शब्द, म्हणजे पावती, वहिवाट, वरचं अंग, हे पुस्तकी शब्दांनी झाकू नका. ते तुमचं साहित्य आहे.

आता टायपिंग. दोन प्रकरणं मी वेळ वाचावा म्हणून टायपिंगला बाहेर दिली. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात ती टाइप होऊन आली. कॉलेजच्या संगणकावर उघडल्यावर सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. रूपांतर केलं तर जोडाक्षरं आणि रफार फुटले. पस्तीस पानं पुन्हा टाइप करावी लागली. टायपिंग बाहेर देणार असाल तर ‘युनिकोडच हवं’ हे आधी सांगा आणि पहिलं पान आपल्या मोबाइलवर उघडून बघा. स्वतः करणार असाल तर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड पंधरा दिवसांत हाताला बसतो. कच्च्या मसुद्याला मोबाइलवर बोलून टाइप करणंही चालतं, विरामचिन्हं नंतर द्या.

८. दुसऱ्याचं वाक्य, आपलं वाक्य

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, त्यापुढे कारवाईचे टप्पे सुरू होतात. तुमच्या कॉलेजची मर्यादा विचारून घ्या. पण टक्केवारीच्या मागे लागून शब्द उलटेपालटे करू नका. पुस्तक मिटा, समजलं ते आपल्या शब्दांत लिहा, कुणाचं म्हणणं आहे ते सांगा. मराठीत भाषांतर करून घातलेलं इंग्रजी वाक्यही उसनंच असतं, त्यालाही संदर्भ लागतो.

एआय चॅटबॉटकडून संदर्भ मागितले तर ते अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेखही खरे असल्यासारखे देतात. जे पान स्वतः उघडून पाहिलं नाही ते सूचीत घालू नका. तोंडी परीक्षेत त्यावरच बोट ठेवलं जातं.

सूचीत मराठी संदर्भ वर्णानुक्रमाने वेगळे, इंग्रजी वेगळे. मुलाखती, सरकारी कागद आणि संकेतस्थळं स्वतंत्र गटात.

९. छपाई आणि सह्या

क्रम सहसा असा: मुखपृष्ठ, विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचा दाखला, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रकरणं, संदर्भसूची, परिशिष्टं. परिशिष्टात प्रश्नावली, नकाशे, माहिती अधिकाराचं उत्तर. बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच समास सोडा. आधी एकच स्पायरल प्रत काढून मार्गदर्शकांना दाखवा. सह्या झाल्याशिवाय कडक बाइंडिंगला देऊ नका. फाइल छपाईला पीडीएफ करूनच न्या, नाहीतर दुकानातल्या संगणकावर पानं सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते. विभागप्रमुख रजेवर कधी आहेत हे पंधरा दिवस आधी विचारा. स्वतःसाठी एक प्रत जास्त काढा.

१०. तोंडी परीक्षा

बाहेरचे परीक्षक बऱ्याचदा तीन गोष्टी विचारतात: हाच प्रश्न का, याच लोकांना का निवडलं, आणि तुमच्या माहितीत काय कमी आहे. तिसऱ्याचं उत्तर प्रामाणिकपणे तयार ठेवा. मी सांगितलं, की पुरुष व्यापारी माझ्याशी फारसे मोकळेपणाने बोलले नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू बायांच्या बाजूइतकी आलेली नाही. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न नकाशांवर विचारला.

स्वतःची प्रत घेऊन जा, महत्त्वाच्या सहा-सात पानांना चिठ्ठ्या लावून. क्षेत्रकार्याची मूळ वहीही न्या. माझी वही परीक्षकांनी मागून घेतली आणि आजींच्या साठ पेंड्यांच्या हिशेबाचं पान बराच वेळ वाचलं. त्या पानावर मेथीच्या पाण्याचे डाग होते.